माळावरचा लंगडा लांडगा उन्हाळा काढेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भूम तालुक्यातल्या तुमच्या माळावर गेली काही वर्षं लांडग्यांची जोडी दिसायची. यंदा एप्रिलपासून एकच दिसतो. पुढचा डावा पाय टेकवत नाही, बरगड्या मोजता येतात, अंगावरचे केस जागोजागी गेलेत. पाझर तलाव आटलाय. तो जगेल का? त्याच्यासाठी पाणी आणि पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ठेवाव्यात का? वनखात्याला सांगून पकडून न्यायला लावावं का? आणि हे गावात बोलावं की गप्प बसावं?

मी पशुवैद्यक. नोकरीचा बहुतेक काळ बीड, धाराशिव आणि जालन्याच्या कोरडवाहू पट्ट्यात शेळ्या-मेंढ्यांमागे गेला. लांडग्याशी ओळख झाली ती त्यानं फाडलेल्या करडांना टाके घालताना. त्यामुळे मी लांडग्याचा भाबडा चाहता नाही, हे आधीच सांगतो. तरी माझं उत्तर असं, की बहुधा तो जगेल. दुष्काळ त्याला सहसा मारत नाही. मारतात त्या दुसऱ्याच गोष्टी, आणि त्यातल्या बऱ्याच तुमच्या-माझ्या हातातल्या आहेत.

पहिल्यांदा तो खरंच आजारी आहे का ते बघू. तुम्ही सांगितलेल्या चार खुणांपैकी तीन खुणांवरून मी काहीच ठरवणार नाही.

बरगड्या दिसणं हे आपल्याकडच्या लांडग्याचं नेहमीचं रूप आहे. हा हिमालयातला किंवा परदेशी चित्रांतला झुबकेदार लांडगा नव्हे. पूर्ण वाढलेला नर वीस-बावीस किलोचा, फार तर पंचवीसचा. पाय लांब, छाती अरुंद, पोट आत. शिवाय त्याचं खाणं आपल्यासारखं रोजचं नसतं. एखाद्या रात्री तो तीन-चार किलो मांस एका बैठकीत खातो आणि पुढचे दोन-तीन दिवस काहीच मिळत नाही. सोमवारी पोट टम्म आणि गुरुवारी पाठीला टेकलेलं, असा एकच लांडगा बघून गावातली माणसं दोन वेगळे लांडगे समजतात. खरा अशक्तपणा बघायचा तर बरगड्या सोडा, मागून बघा. कमरेची हाडं खुंट्यांसारखी वर आलीत का, पाठीचा कणा धारदार दिसतो का, मांडीचं मांस गेलंय का. हे नसेल तर तो खंगलेला नाही, नुसता उपाशी आहे. लांडग्याच्या आयुष्यात त्या दोन गोष्टींत मोठा फरक असतो.

केस गेलेत म्हणजे खरूज, असं तुम्ही धरून चाललात. मार्च-एप्रिलमध्ये लांडगा हिवाळ्याची लोकर टाकतो. मानेवर, खांद्यावर, बरगड्यांवर जुन्या लोकरीचे पुंजके लोंबतात आणि मधली जागा उघडी वाटते. दुर्बीण असेल तर त्या उघड्या जागेत बघा. तिथं आखूड, गुळगुळीत नवे केस दिसले तर काळजी नको. खरजेत कातडं जाड, राखाडी, सुरकुतलेलं होतं. सुरुवात बहुधा कानाच्या कडा, कोपरं आणि तोंडापासून होते आणि जनावर सारखं खाजवत बसतं. गावातल्या खरजुल्या कुत्र्यांवरून हे तुम्हाला ओळखता येईल.

एकटा दिसतो, याचाही अर्थ लगेच जोडीदार मेला असा लावू नका. इथं लांडग्याची पिल्लं साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जन्मतात. एप्रिल-मेमध्ये ती तीन-चार महिन्यांची असतात. ढोलीतून, म्हणजे जमिनीतल्या बिळातून, बाहेर आलेली, पण आई-बापामागे रात्रभर पळण्याइतकी मोठी झालेली नाहीत. अशा वेळी एखाद्या ओघळीत, करवंदी-बोरीच्या जाळीत त्यांना ठेवून एक जण शिकारीला जातो, दुसरा आसपास थांबतो. तुम्हाला दिसतो तो जाणारा असेल. तो पहाटे एकाच दिशेनं परततो का, एवढं लांबून बघा. मागे जाऊ नका. माणूस पिल्लांच्या जागेजवळ गेला की ती जागा ते सोडतात आणि भर उन्हाळ्यात पिल्लं हलवणं म्हणजे त्यातलं एखादं वाटेत गमावणं.

उरला पाय. तीच खरी खूण आहे. पुढचा पाय लंगडण्याची इकडची कारणं मला माहीत आहेत. रानडुकरांसाठी लावलेला क्लच वायरचा फास, रस्त्यावरची धडक, कुत्र्यांशी झालेली मारामारी आणि कधी नुसता बाभळीचा काटा. धुळे-सोलापूर महामार्ग बालाघाटाचे डोंगर कापून जातो. तो रुंद झाल्यापासून रात्री ओलांडणारं जनावर जिवावर उदार होऊनच ओलांडतं. काटा किंवा मुरगळा असेल तर तीन आठवड्यांत चाल सुधारते. हाड मोडलं असेल तर ते वाकडं जुळतं, पाय आखूड होतो आणि लांडगा तीन पायांवर संसार करतो. कुत्र्या-लांडग्याच्या शरीराचं वजन पुढच्या पायांवर जास्त असतं, त्यामुळे पुढचा पाय जाणं मागचा जाण्यापेक्षा जड जातं हे खरं. पण तीन पायांची कुत्री तुम्ही पाहिलीच असतील. लांडगा त्याहून चिवट आहे आणि त्याला जोडीदार असेल तर शिकार एकट्याला करावी लागत नाही.

फासाचं मात्र वेगळं. मनगटाच्या वर गोल जखम, खालचा पंजा सुजून दुप्पट झालेला, माश्या घोंघावतायत, तो सारखा पाय चाटतोय, असं दिसलं तर तार अजून आत आहे. ती आपोआप निघत नाही, रोज थोडी रुतत जाते. फक्त या एका परिस्थितीत मी म्हणेन, पकडायला सांगा. वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा, दिसण्याची वेळ आणि जागा सांगा, आणि तुमच्याकडे व्हिडिओ असेल तर तो दाखवा. फोटोपेक्षा चालीचा दहा सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरला जास्त कामाचा.

तार नसेल तर पकडू नये, असं मी का म्हणतो? कारण बेचाळीस डिग्रीत लांडग्याला भुलीचं इंजेक्शन देणं हा मोठा जुगार आहे. कुत्र्याच्या जातीच्या जनावराला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना, बाकी सगळी उष्णता तोंड उघडून धापा टाकत बाहेर काढावी लागते. भुलीत ती धाप मंदावते आणि अंग आतून तापत जातं. पाठलाग करून, जाळ्यात घालून पकडलं तर धसक्यानं आणि अतिश्रमानं स्नायूच निकामी होऊ लागतात. जनावर त्या दिवशी ठीक दिसतं आणि दोन-चार दिवसांनी पिंजऱ्यात मरतं. त्यातून वाचला तरी दोन महिने उपचार करून आणलेल्या लांडग्याची जागा तोवर दुसऱ्यानं घेतलेली असू शकते. एका जोडीचा वावर शंभर-दोनशे चौरस किलोमीटरवर असतो. तेवढ्यात पाणी कुठं, ससे कुठं, कोणाच्या वाड्याला फट आहे, हे त्याला पाठ असतं. तीच त्याची इस्टेट. ती हातची गेली की चार पाय धड असूनही तो कंगाल.

आता उन्हाळ्याकडे येऊ, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे.

मे महिन्यातल्या माळाकडे बघून आपल्याला वाटतं इथं काय जगणार. कुसळीचं गवत वाळून पांढरं पडलेलं, तरवड तेवढा हिरवा, मुरमाचा भाजणारा उघडा बरड. पण लांडगा या माळावर दिवसा नसतोच. सकाळी आठच्या आत तो ओघळीच्या उत्तरेकडच्या दरडीला, दाट बोरीखाली नाहीतर जुन्या ढोलीच्या तोंडाशी जाऊन पडतो आणि दिवस मावळेपर्यंत शक्यतो हलत नाही. न हलणं हीच त्याची पाणी वाचवायची युक्ती. धाप कमी तर पाणी कमी लागतं. भर दुपारी त्याला उठवून पळवणं म्हणजे त्याच्या अंगातलं दिवसभराचं पाणी काढून घेणं. हौशी फोटोवाले जीप घेऊन माळावर लांडग्यामागे फिरतात तेव्हा त्यांना हे कळत नाही. कळत असेल तर आणखी वाईट.

पाणी त्याला लागतं. कुत्र्याच्या हिशेबानं वीस किलोच्या जनावराला एरवी दिवसाला साधारण लिटरभर, या दिवसांत त्याहून बरंच जास्त. थोडं ताज्या शिकारीतून मिळतं. दूध पाजणारी मादी असेल तर तिची गरज आणखी मोठी, पण मेपर्यंत पिल्लं दुधावरून सुटलेली असतात, आई-बाप पोटातलं मांस ओकून त्यांना भरवतात. पाण्यासाठी लांडगा रात्रीत सात-आठ किलोमीटर सहज जातो. म्हणजे तुमचा पाझर तलाव आटला तरी त्याचं गणित लगेच बिघडत नाही. बिघडतं ते तो जिथं जातो तिथं.

तो जातो शेततळ्यावर. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत मराठवाड्यात गावोगाव शेततळी झाली. फळबागा त्यांच्यावरच तगल्या, मी त्यांच्या विरोधात नाही. पण काळ्या प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं तळं म्हणजे जनावरासाठी विहिरीपेक्षा वाईट सापळा आहे. उतार तीव्र, कागद शेवाळानं निसरडा. पाणी खाली गेलेलं असलं की पिण्यासाठी उतरलेलं जनावर घसरतं आणि मग कितीही नखं मारली तरी वर येत नाही. लांडगे, खोकडं, काळविटं, रानमांजरं, शेजाऱ्याची शेळीसुद्धा. सकाळी मालकाला फुगलेलं जनावर सापडतं. तो ते काढून पुरतो आणि कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर पंचनामा आपल्या गळ्यात पडेल अशी त्याला भीती असते. माझ्या मते दुष्काळी वर्षात तहानेनं मरणाऱ्या जनावरांपेक्षा अशी मरणारी जास्त असतील.

यावरचा उपाय स्वस्त आहे आणि तुम्ही तो या आठवड्यात करू शकता. जुन्या नायलॉन दोराला हातभर अंतरावर जाड गाठी मारा किंवा गोणपाटाची लांब पट्टी शिवून घ्या. एक टोक वर बांधावर खुंटीला पक्कं, दुसरं पाण्यात बुडालेलं, टोकाला दगड. असे चार, चार बाजूंनी. टाकून दिलेली शेडनेट किंवा मासेमारीची जाड जाळी मिळाली तर तिचा पट्टा आणखी चांगला, नखं अडकतात. बारीक जाळी नको, तीत पाय गुंततो. कुंपण असेल तर ते खालून बंद करा. खालून फट असलेलं कुंपण हे कुंपण नसण्यापेक्षा धोक्याचं, आत घुसता येतं आणि घाबरल्यावर तीच फट सापडत नाही. कठडा नसलेल्या जुन्या विहिरींचंही तेच.

पाणवठा करायचाय तर करा, पण माझ्या तीन अटी आहेत. एक, उथळ आणि पसरट हवा, कडेला मुरूम टाकलेला, म्हणजे ससा-तितरालाही पिता यावं. दोन, गावापासून आणि रस्त्यापासून लांब, आणि तुम्हाला पिल्लांची जागा जिथं वाटते तिथंही नाही, कारण पाण्यावर पहिल्यांदा पोचतात ती कुत्री. तीन, सुरू केलात तर पाऊस पडेपर्यंत चुकवायचं नाही. एप्रिलभर भरून मेमध्ये टँकर परवडेना म्हणून सोडून दिलेला पाणवठा मी बघितलाय. जनावरांनी वावर बदललेला असतो आणि ऐन वेळी तिथं कोरडी सिमेंटची टाकी. आणि एक गोष्ट कुणी तोंडावर बोलत नाही ती बोलतो. ज्या गावात माणसांना आठ दिवसांनी टँकर येतो तिथं लांडग्यासाठी टँकर मागायला जाऊ नका. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात असं काही बोलायची माझी छाती झाली नसती. तुमच्या स्वतःच्या बोअरला पाणी असेल तर करा, नसेल तर शेततळ्यात दोर टाका. ते जास्त उपयोगाचं आहे.

पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या? नको. अजिबात नको. हेतू चांगला आहे, परिणाम वाईट होतात. त्या ढिगावर चार दिवसांत वीस कुत्री जमतील आणि लांडग्याच्या जिवावर आज जे सगळ्यांत मोठं संकट आहे ते तुम्ही स्वतः माळावर नेऊन बसवाल.

या कुत्र्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो. लांडग्याला लांडगा म्हणून माळावर टिकायचं असेल तर त्याचा खरा प्रतिस्पर्धी बिबट्या नाही, धनगरही नाही. ढाब्यावरच्या, पोल्ट्रीवरच्या, कचऱ्यावरच्या उष्ट्यावर पोसलेली मोकाट कुत्री आहेत. दुष्काळात ससे कमी होतात तसे लांडगे कमी पिल्लं वाढवतात. कुत्र्यांना तो नियम लागत नाही, त्यांचं खाणं माणसाकडून येतं. २०१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या. गुरं जगली ती त्यांच्यामुळेच. पण छावण्यांच्या आसपास कुत्र्यांच्या टोळ्या जमल्या आणि छावण्या उठल्यावर त्या माळावर पांगल्या. ही कुत्री ससे मारतात, काळविटाची पाडसं मारतात आणि शेळ्याही मारतात. ते बिल मात्र लांडग्याच्या नावावर फाटतं. मी तपासलेल्या बऱ्याच ‘लांडग्याच्या’ शेळ्यांवर मागच्या मांड्यांना, शेपटीला, पोटाला अर्धवट चावे होते, नरड्याला खूण नव्हती आणि मांस फारसं खाल्लेलं नव्हतं. ते काम बहुधा कुत्र्यांचं. लांडगा नरडं धरतो, लहान करडू असेल तर उचलूनच नेतो, मागं रक्ताच्या दोन थेंबांशिवाय काही ठेवत नाही.

दुसरं म्हणजे रोग. कुत्र्यांमधून रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक जीवघेणा विषाणूजन्य रोग) हे दोन्ही लांडग्यांत जातात. लांडगे एकमेकांचं तोंड चाटतात, एका शिकारीवर खातात. एक आजारी पडला की अख्खं कुटुंब जाऊ शकतं, आणि आपल्याकडे कुटुंब असतं तरी किती, चार-पाच जणांचं. तिसरं म्हणजे संकर. जोडीदार मेलेला एकटा लांडगा माळावर दुसरा लांडगा सापडला नाही तर कुत्र्याशी जोडी जमवतो. पुण्याजवळच्या माळरानात अशी संकरित जनावरं असल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून पक्कं झालं. मराठवाड्यात पिवळट, कान पडलेले ‘लांडगे’ दिसल्याचं मेंढपाळ सांगतात, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तेच येतं. देशभरात मिळून आपल्या या लांडग्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास सांगितली जाते. वाघाइतकीच म्हणा ना. पण धाराशिवजवळच्या येडशीच्या अभयारण्यात यवतमाळकडच्या टिपेश्वरचा वाघ येऊन राहिला तेव्हा सगळं राज्य तिकडे बघत होतं. तिथून जवळच्या माळावर लांडगा पिढ्यान्‌पिढ्या राहतोय, त्याची चौकशी कुणी केली नाही.

खाण्याचं म्हणाल तर तो तुमच्या समजुतीपेक्षा कमी निवडखोर आहे. काळवीट मिळालं तर उत्तम. नाहीतर ससा, घूस, उंदीर, तितर, घोरपड, मेलेलं ढोर. हिवाळ्याच्या शेवटी त्याच्या विष्ठेत बोराच्या बियाही सापडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी काढली की उघड्या पडलेल्या रानात उंदीर आणि ससे धरणं सोपं होतं. तो त्याचा सुगीचा काळ. कडबा उचलून रान मोकळं झालं की तंगी सुरू. मे महिना वाईट असतो तो यामुळे. पिल्लांची भूक सगळ्यांत मोठी आणि रानातलं खाणं सगळ्यांत कमी. तेव्हाच तो वाड्यांकडे वळतो.

आपल्याकडे या गणितात ऊसतोडही येते. दिवाळीनंतर बीड-धाराशिवची अर्धी गावं बैलगाड्या जुंपून कारखान्यांवर जातात. घरी म्हातारी माणसं आणि दोन-चार शेळ्या. माळ सुना पडतो. लांडग्यांची पिल्लं होण्याचा काळ नेमका तोच, त्यामुळे ढोलीला त्रास कमी. पाडव्याच्या पुढंमागं माणसं परततात, पोरं गुरं घेऊन माळावर जातात, सोबत कुत्री असतात, आणि नेमकी तेव्हाच पिल्लं बाहेर खेळायला लागलेली असतात. पिल्लं उचलून आणण्याचे, ढोलीत धूर करण्याचे प्रकार मी ऐकले ते बहुतेक याच दिवसांतले. तुमच्या गावात असं कुणी करत असेल तर त्याला सांगा, लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. कायद्यानं ऐकत नसेल तर हे सांगा, की पिल्लं गेलेली जोडी तिथून जात नाही, पुढच्या साली पुन्हा वीत घालते. काहीच मिटत नाही.

ढोली कुठं असतात तेही ध्यानात ठेवा. नाल्याच्या कडेची उभी मुरमाड दरड, साळिंदराचं नाहीतर खोकडाचं जुनं बीळ उकरून मोठं केलेलं. रस्त्याच्या कामाला मुरूम लागतो तोही नेमका तिथलाच, कारण तिथं तो उघडा असतो, पोकलेनला सोपा. जलसंधारणाच्या कामात माळावर सलग चर मारतात, नाला खोल करतात. पाणी मुरलंच पाहिजे, माळ कोरडा ठेवा असं मी म्हणणार नाही. पण एखादी दरड पन्नास फूट सोडून काम पुढं नेता येतं. ग्रामसभेत नकाशा मांडतात तेव्हा ते सांगायचं. आणि माळावर गिरिपुष्पाची झाडं लावून ‘हिरवं’ करायचं काम निघालं तर तेव्हाही बोला. गवताळ माळ ही ओसाड जागा नाही. मारवेल, पवन्यासारखं चाऱ्याचं गवत तिथंच होतं आणि तुमच्या मेंढ्यांचं पोटही त्यावरच आहे.

शेळ्यांचं कसं करायचं ते माळावरच्या मेंढपाळांना माझ्याहून जास्त कळतं. वाघर (मेंढ्यांभोवती लावायची जाळी) नीट ताणलेली, खालून दगड दाबलेले, करडं-कोकरं रात्री डाल्याखाली, व्यालेली आणि लंगडी जनावरं मधोमध. दिवसा धोका असतो तो दुपारी, राखणारा झाडाखाली डोळा लावतो तेव्हा, आणि संध्याकाळी परतताना खांडाच्या, म्हणजे कळपाच्या, शेपटाला. जुन्या मेंढपाळांच्या बोलण्यात लांडग्याचा वाटा धरलेला असतो, ते वर्षाला दोन-चार कोकरं गेली तर बोलतही नाहीत. ज्याच्या चारच शेळ्या आहेत त्याच्याकडून ती अपेक्षा करू नका. त्याला भरपाई मिळवून द्या. लांडग्यानं मारलेल्या शेळी-मेंढीला सरकारी नुकसानभरपाई आहे. जनावर हलवायचं नाही, ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवायचं, फोटो काढायचे, पंचनाम्यावर पशुवैद्यकाची सही घ्यायची. बऱ्याच अर्जांचं घोडं अडतं ते मेलेली शेळी आधीच पुरून टाकल्यामुळे. भरपाई वेळेत मिळाली तर मेलेल्या शेळीत थिमेट भरून ठेवायचा विचार माणूस बाजूला ठेवतो. ते विष लांडग्याबरोबर तरस, कोल्हा, घार आणि तुमचं राखणीचं कुत्रंही नेतं.

आता एक अपवाद, आणि यात हयगय नको. तो लंगडा लांडगा भरदुपारी गावाकडे आला, माणसाला बघून बाजूला झाला नाही, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, मागचं अंग झोकांडतंय किंवा समोर येईल त्याला चावत सुटलाय, तर ती भूक नाही. रेबीज समजूनच वागा. जवळ जाऊ नका, शेळ्या-पोरं आत घ्या, वनखात्याला लगेच कळवा. कुणाला चावलाच तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, हळद-चुना-तिखट काही भरू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लांडग्याचे चावे बहुधा खोल आणि मान-चेहऱ्याजवळ असतात. तिथं लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावंच लागतं, ते मागून घ्या. चावलेल्या गुरांनाही लस देता येते, आम्हाला कळवा. तुम्ही सांगता तो मात्र माणूस दिसला की थांबतो, बघतो आणि ओघळीत उतरतो. ते शहाण्या लांडग्याचं वागणं आहे.

राहिला गावात सांगायचा प्रश्न. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइचकडे लांडग्यांनी मुलं मारल्याच्या बातम्या आल्यापासून आपल्याकडेही ‘लांडगा’ म्हटलं की काठ्या निघतात. त्यामुळे सगळ्यांना सांगू नका आणि फोटो तर ग्रुपवर टाकूच नका. निदान जागेचं नाव नको. पण चार जणांना जरूर सांगा. माळावर कायम असणारा मेंढपाळ, कारण त्याला बहुधा आधीच माहीत आहे आणि पिल्लं आहेत की नाहीत हेही तोच सांगेल. बीटचा वनरक्षक, त्याच्या वहीत नोंद झाली पाहिजे. शेततळ्यांचे मालक. आणि तुमच्या तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना. त्यांच्याकडे वस्तीवरच्या आणि राखणीच्या कुत्र्यांसाठी रेबीजच्या लसीकरणाचं शिबिर मागा. पावसाळ्याआधी घेतलेलं बरं, एकदा पेरणीची घाई लागली की कुत्रं धरून आणायला कुणालाच वेळ नसतो.